ऑर्थोच्या नव्या पीजींना: ब्रॅकेट कशाने चिकटवायचं?

पुण्यात ऑर्थोच्या (दात सरळ करण्याच्या शाखेच्या) एमडीएसला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, आलेल्या ज्युनिअर्सना सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधनाचा आराखडा देण्याची, घाई असते. त्यातले बरेच जण विचारतात, "दोन अ‍ॅडेसिव्हची बॉन्ड स्ट्रेंग्थ कम्पेअर करू का?" म्हणजे ब्रॅकेट (दातावरचा तार धरणारा छोटा तुकडा) चिकटवणाऱ्या दोन पदार्थांची पकड. करा की. उपचारासाठी काढलेले प्रीमोलर (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) मिळतात आणि काम वेळेत उरकतं. फक्त कोणाचा आकडा मोठा, एवढ्यासाठी करू नका. रेनॉल्ड्स या संशोधकाने १९७५ मध्ये ५.९ ते ७.८ मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन) ताकद पुरते असं मांडलं, तोच आधार आजही सगळे घेतात. चांगलं कॉम्पोझिट (रेझिनचं नेहमीचं अ‍ॅडेसिव्ह) लॅबमध्ये तो सहज ओलांडतं. त्यापुढच्या दोन-तीन मेगापास्कलनी पेशंटच्या पदरात काय पडणार? ब्रॅकेट शेवटी काढायचंच असतं, तेही इनॅमलचा, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थराचा, टवका न उडवता.

आधी जुनी पद्धत हातात बसू द्या. तेल आणि फ्लोराइड नसलेल्या प्युमिसने (बारीक दगडी पुडीने) दात घासा, ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ ते ३० सेकंद ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, वाळवा. दात खडूसारखा पांढरा दिसला की एचिंग, म्हणजे अ‍ॅसिडने पृष्ठभाग खरखरीत करणं, झालं. तेवढ्यात पेशंटने जीभ फिरवली आणि लाळ लागली, तर नुसतं पुसून भागत नाही. पुन्हा एच करा. मग प्राइमर (पातळ रेझिनचा थर), अ‍ॅडेसिव्ह लावलेलं ब्रॅकेट घट्ट दाबणं, कडेचा फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेलं जादा अ‍ॅडेसिव्ह, प्रोबने काढणं आणि शेवटी ते घट्ट करायला लाइट. फ्लॅश राहिला तर तिथे प्लाक (जंतूंचा थर) साचतो आणि काही महिन्यांत ब्रॅकेटभोवती पांढरे डाग दिसायला लागतात.

सेल्फ-एचिंग प्राइमरमध्ये एच आणि प्राइमर एकत्र असतात, धुणं नाही. दातावर तीन ते पाच सेकंद चोळायचं आणि हलकी हवा मारायची. वेळ वाचतो, मात्र तो पांढरा रंग दिसत नाही. नीट झालंय की नाही हे डोळ्यांना कळायची सोयच नाही. म्हणून पहिल्या वर्षी याच्या नादी लागू नये, असं माझं मत. फ्लोरोसिसच्या (जास्त फ्लोराइडने बिघडलेल्या) दातांवर तर जास्तच जपून. चंद्रपूर, यवतमाळकडची मुलं पुण्यात शिकायला येतात, त्यांच्यात असे दात भेटतात. त्या इनॅमलवर अ‍ॅसिड सहजी चालत नाही.

रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर या दुसऱ्या प्रकारच्या सिमेंटला ओल चालते आणि तो फ्लोराइड सोडतो. अर्धवट आलेल्या मागच्या दाढेवर, जिथे कोरडं ठेवणं अवघड, तिथे तो कामाचा. ताकद कॉम्पोझिटपेक्षा कमी, विशेषतः सुरुवातीला, त्यामुळे पहिली वायर हलकी घाला. इनडायरेक्ट बाँडिंगमध्ये (ब्रॅकेट आधी मॉडेलवर लावून ट्रेने तोंडात बसवणं) चेअरवरचा वेळ वाचतो आणि लॅबमधला वाढतो, एवढं सध्या पुरे.

टेस्टिंगमध्ये नवे लोक घसरतात ते आकडेमोडीपेक्षा दात बसवण्यात. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनची (ब्रॅकेट सुटायला लागणारा जोर मोजणाऱ्या यंत्राची) पात ब्रॅकेटच्या बेसला समांतर उतरली पाहिजे. दात अ‍ॅक्रिलिकमध्ये जरा तिरका बसला तर ब्रॅकेट सरकण्याऐवजी सोलून निघतं आणि आकडा फसवा येतो. मिळालेले न्यूटन बेसच्या क्षेत्रफळाने भागायचे: १० चौरस मिलिमीटरवर १०० न्यूटन म्हणजे १० मेगापास्कल. सोबत अ‍ॅडेसिव्ह रेम्नंट इंडेक्सही, म्हणजे ब्रॅकेट निघाल्यावर दातावर किती अ‍ॅडेसिव्ह उरलं याचा गुण, घ्या. ० म्हणजे दातावर काही उरलं नाही, ३ म्हणजे सगळं दातावरच, ब्रॅकेटच्या बेसवरच्या जाळीच्या ठशासकट. मला हा इंडेक्स मेगापास्कलपेक्षा जास्त बोलका वाटतो.

ओपीडीतही हीच नजर ठेवा. पेशंटने बाकरवडी किंवा चिक्की खाल्ली आणि ब्रॅकेट हातात घेऊन आला, की लगेच त्याला रागावू नका. आधी ब्रॅकेटची जाळी बघा. अ‍ॅडेसिव्ह सगळं जाळीवर आणि दात स्वच्छ असेल, तर बहुधा ओल राहिली किंवा एचिंग कमी पडलं. जाळी मोकळी आणि अ‍ॅडेसिव्ह दातावर असेल, तर क्युअर होताना (अ‍ॅडेसिव्ह घट्ट होताना) ब्रॅकेट हललं का, बेसला बोट लागलं का, लाइट पुरेसा पोचला का, ते तपासा.