ओव्हन न लावता मलईदार पुडिंग: दूध, चक्का, जिलेटिन आणि वरून कुंदा

सामान आणण्याआधी एक गोष्ट ठरवा: खाणारे कोण आहेत? जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. बेळगाव, चिकोडी, अथणीकडे एकाच गल्लीत मराठा, लिंगायत, जैन अशी घरं असतात, आणि शेजारी वाटी गेल्याशिवाय गोडाधोडाचं काही होत नाही. शंका असेल तर समुद्री शेवाळापासून होणारं चायना ग्रास (अगर-अगर) वापरा, त्याची कृती पुढे वेगळी दिली आहे. दोन्हींचं काम एकच असलं तरी स्वभाव उलटे आहेत. जिलेटिनच्या जागी तेवढंच चायना ग्रास टाकलं की पुडिंगचा रबर झालाच म्हणून समजा.

जिलेटिनचं प्रमाण, सहा लहान वाट्यांसाठी:

फुल क्रीम दूध ३०० मिली
फ्रेश क्रीम २०० मिली
चक्का १५० ग्रॅम (साधारण ४०० ग्रॅम ताजं दही रात्रभर टांगून)
साखर ८० ग्रॅम
जिलेटिन पावडर ८ ग्रॅम आणि भिजवायला थंड पाणी ४० मिली
वेलची पूड, चिमूटभर मीठ
वरून घालायला कुंदा (दूध आटवून केलेली बेळगावची रवाळ मिठाई) १०० ग्रॅम

पुडिंग ताटात उलटं काढायचं असेल तर जिलेटिन १० ग्रॅम घ्या. वाटीतूनच खायचं असेल तर ८ पुरे. लहान वजनकाटा नसेल तर सपाट केलेला एक टीस्पून म्हणजे साधारण ३ ग्रॅम, पण पोह्यांचा चमचा म्हणजे टीस्पून नव्हे. घरी म्हशीचं दूध असेल तर क्रीमऐवजी ताजी साय चालते. ती मिक्सरमध्ये दोनच झटके देऊन एकजीव करा, जास्त फिरवली तर लोणी सुटतं.

चक्का आणि क्रीम तासभर आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा. बहुतेकांचं पुडिंग इथेच बिघडतं, पण कळतं मात्र शेवटी.

पसरट वाटीत थंड पाणी घ्या आणि त्यावर जिलेटिन भुरभुरवा. आधी पावडर टाकून वर पाणी ओतू नका, मधे कोरडे गोळे राहतात आणि ते नंतर विरघळत नाहीत. पाच-सात मिनिटांत दाणे फुगून भिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसू लागतात, वाटी कलती केली तरी पाणी वाहत नाही. एवढं झालं की तयार.

तोवर दूध, साखर आणि मीठ गरम करा. वाफ दिसली, कडेला बारीक बुडबुडे आले की गॅस बंद. दोन-तीन मिनिटं थांबून भिजलेलं जिलेटिन त्यात घाला आणि सावकाश ढवळा. जिलेटिन घातल्यावर दूध पुन्हा उकळायचं नाही, त्याची पकड सैल होते. चमच्याच्या पाठीवर थेंब घेऊन दोन बोटांत चोळून बघा. रवाळ लागलं तर अजून ढवळा. गुळगुळीत लागलं की गाळून घ्या.

आता हे दूध कोमट होऊ द्या, म्हणजे बोट घातल्यावर ना गरम ना गार. गरम दुधात चक्का फाटतो. उलट चक्का फ्रिजमधला गारठलेला असला तर जिलेटिन जागच्या जागी गोठून त्याच्या तारा होतात. चक्का, क्रीम आणि वेलची हाताच्या रवीने हलकेच फेटा, फेस आणू नका, आणि त्यात दूध तीन-चार वेळा करून मिसळा. मग पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. मिश्रण पातळ रबडीइतकं दाटलं की वाट्यांत ओता. घाईत पातळच ओतलं तर मलई वर तरंगते आणि खाली दुधाचा थर बसतो.

फ्रिजमध्ये चार तास, झाकून. वाटी हलवल्यावर मधला भाग खरवसासारखा थरथरला पाहिजे. फ्रीजरमध्ये ठेवून वेळ वाचत नाही. बर्फाचे कण होतात आणि वितळताना पाणी सुटतं.

चायना ग्रासवर करायचं तर

चक्का वगळा. चायना ग्रास उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि साधारण ३५ ते ४० अंशांनाच गोठू लागतं, त्यामुळे चक्का फाटू न देता घालायला मधे फार थोडा अवकाश मिळतो. त्याऐवजी दूध ४०० मिली घ्या आणि त्यात १०० ग्रॅम किसलेला खवा विरघळवा. चायना ग्रासची पावडर ३ ग्रॅम किंवा धागे ७ ग्रॅम पुरतात. धागे कापून अर्धा तास भिजवा. १०० मिली पाण्यात मंद आचेवर तीन-चार मिनिटं, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत उकळा आणि गाळून गरम दुधात घाला. शेवटी क्रीम, तेही फ्रिजमधलं नको. लगेच ओता, हे भांड्यातच घट्ट होतं.

चायना ग्रासचा एक मोठा फायदा: एकदा बसलं की बाहेर वितळत नाही. जिलेटिन तोंडात विरघळतं ते छानच, पण एप्रिल-मेच्या दुपारी करंट गेला आणि फ्रिज बंद पडला तर वाटीतही विरघळतं. अथणीकडच्या उन्हात लग्नाच्या पंगतीला जिलेटिनचं पुडिंग मांडण्याचा हट्ट करू नये.

फळं आणि कुंदा

कच्चं अननस, पपई, किवी आणि अंजीर यांत प्रथिनं तोडणारे एन्झाइम असतात. जिलेटिन प्रथिनच असल्यामुळे पुडिंग रात्रभर ठेवलं तरी बसत नाही. फळ पाच मिनिटं शिजवलं की हा त्रास संपतो. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, त्याला हे एन्झाइम काही करत नाहीत. कोकणातून हापूस आला की वर आंब्याचा थर देता येतो: १५० ग्रॅम रस, २ ग्रॅम जिलेटिन आणि ते भिजवायला १० मिली पाणी. ताजा रसही आधी पाच मिनिटं गरम करून घ्या. मग आच बंद करून भिजवलेलं जिलेटिन त्यात विरघळवा. रस कोमट झाल्यावरच, तोही चमच्यावरून हळू ओता, नाहीतर खालचा थर वितळतो.

कुंदा तळाशी घालायचा मोह आवरा. रात्रभरात तो दूध पिऊन चिखल होतो. वाढताना हाताने कुस्करून वर टाका, म्हणजे त्याचा रवाळ, खरपूस स्वाद मऊ पुडिंगवर वेगळा लागतो. कुंदा चांगलाच गोड असतो, म्हणून वरच्या प्रमाणात साखर ८० ग्रॅमच ठेवली आहे. कुंद्याशिवाय खाणार असाल तर १०० करा. गोकाकचा करदंट (गूळ, सुकामेवा आणि डिंकाची मिठाई) बारीक चिरूनही चालतो, फक्त डिंकाचे मोठे तुकडे बाजूला काढा.

उलटं काढताना वाटी गरम पाण्यात पाच-सहा सेकंदच बुडवा, कडा बोटाने सोडवा, ताट उपडं ठेवून पालथी घाला. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. त्यानंतर चक्का आंबट होऊ लागतो.