घर बांधताय? कुदळ नंतर, उतारा आधी

स्वतःच्या जागेत घर बांधायला कुणाला कशाला विचारायचं, असं बेळगाव-खानापूरकडच्या खेड्यांत अजून पुष्कळांना वाटतं. पण कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यातल्या ६४ व्या कलमाप्रमाणे नवं घर असो की जुन्याला जोडलेली खोली, ग्रामपंचायतीची लेखी परवानगी लागते.

आधी जागा कसली आहे ते बघा. गावठाणातली असेल तर पंचायतीतून ई-स्वत्तूचे, म्हणजे मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे, नमुना ९ आणि ११ हे उतारे काढा. शेतजमीन असेल तर शेतघर सोडून बाकी बांधकामासाठी ती बिगरशेती करून घ्यावी लागते, त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. नुसत्या बाँडवर लिहून घेतलेल्या दीड गुंठ्याच्या जोरावर पाया खणू नका. शहरालगतच्या गावांनी बुडाकडेही (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) चौकशी करावी.

मग नावं जुळवा. खरा वेळ इथेच जातो. आमच्या घरी आजोबा उताऱ्यावर ‘परशराम’, आधारवर ‘परशुराम’. एका उकारापायी स्टँपपेपर, प्रतिज्ञापत्र आणि चार हेलपाटे. वारसा लागला नसेल तर तो आधी लावा, भावांच्या सह्या घर उभं राहिल्यावर मागायला गेलात तर चहासुद्धा मिळायचा नाही! कागद कानडीत असतात. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी जाणत्याकडून चकबंदी मोठ्याने वाचून घ्या: पूर्वेला कोण, पश्चिमेला रस्ता की शेजाऱ्याचा गोठा. लांबी-रुंदी टेपने स्वतः मोजून ताडून पहा.

आता अर्ज. नमुना ९ व ११, घरफाळ्याची पावती, आधार आणि इंजिनिअरकडून काढलेला नकाशा जोडा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या, नाहीतर “तुमचा अर्जच दिसत नाही” हे ऐकायची तयारी ठेवा. पंचायतीचा माणूस जागा पाहायला येईल त्या दिवशी घरात कुणीतरी असावं.

नकाशात शेजारच्या हद्दीपासून जागा सोडा, पागोळ्याचं पाणी त्याच्या भिंतीवर पडता कामा नये. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून लांब. बेळगाव भूकंप क्षेत्र ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं, तेव्हा भिंती चिऱ्याच्या असल्या तरी दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायला गवंड्याला सांगा. काळ्या मातीत पाया किती खोल न्यायचा, हे मात्र इंजिनिअरलाच ठरवू द्या. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

परवानगी हातात आली की दोन झेरॉक्स काढा. एक हेस्कॉम या वीज कंपनीकडे जोडणी मागताना लागेल, दुसरी गवंड्याच्या खिशात.