विहिरीत पोहणाऱ्यांनी मालवणच्या समुद्रात कसं उतरावं

मी औसा तालुक्यात पोरांना विहिरीत पोहायला शिकवतो. सोयाबीनची रास होऊन हरभरा जरा वर आला की चार घरची माणसं गोळा करून मालवणला नेतो. तिथं बोटीतून डॉल्फिन बघायचे आणि स्नॉर्कलिंग करायचं, म्हणजे डोळ्या-नाकावर मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे मासे बघायचे. आमच्याकडून समुद्र पाचशेक किलोमीटर. सोलापूर, कोल्हापूर करत घाट उतरायचा. निघण्याआधी सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

आधी दिवस ठरवा. त्याला भिंतीवरचं कॅलेंडर बस झालं. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, तळाचा गाळ उचलतं आणि खाली काही म्हणता काही दिसत नाही. अष्टमीपासून पुढचे दोन-तीन दिवस भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. भरतीच्या वेळेचा किनाऱ्यावरच्या जुन्या मंडळींचा हिशोब सोपा आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करायचा. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. तासभर इकडंतिकडं होतं, नक्की वेळ बोटवाल्यालाच विचारा. पण एवढ्यावरून कळतं की दशमी-एकादशीला पाणीही शांत आणि भरतीही सकाळची. आपली येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. शेतातली भज्जी-आंबील झाली की दहाव्या दिवशी पौष शुद्ध दशमी येते, ती धरा. एखाद्या वर्षी ती नेमकी एकतीस डिसेंबरच्या गर्दीत सापडते. मग सरळ वद्य दशमीला जा, पंधरा दिवसांनी समुद्र कुठं पळून जात नाही.

वेळ सकाळचीच. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते ते इथं कामाला येतात. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, किनाऱ्याजवळ पाणी हौदासारखं असतं. ऊन तापलं की वारा उलटतो आणि लाटा उठतात. दहा-अकराच्या आत पाण्याबाहेर यायचं असा हिशोब ठेवा. पावसाळ्यात बोटी बंदच असतात, मेच्या शेवटापासून ऑगस्ट संपेपर्यंत. ऑक्टोबरात सुट्ट्या असल्या तरी नद्यांनी आणलेला गाळ पाण्यात असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस.

आता सामान. बोटीवर मास्क आणि नळी मिळते, पण शंभर जणांनी तोंडात धरलेली नळी मला नको वाटते. जमलं तर स्वतःचा मास्क घ्या. दुकानात पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा, पडला तर दुसरा बघा. चष्मेवाल्यांनी चष्म्यावर मास्क बसवण्याचा नाद करू नये, कडेने पाणी येतं. नंबरचा मास्क मिळतो, आणि नंबर थोडाच असेल तर काळजीच नको, पाण्यात वस्तू तशाही मोठ्या आणि जवळ दिसतात.

मिशांचं सांगायलाच पाहिजे. आमच्याकडच्या भरघोस मिशांवर मास्क बसत नाही. नाकाखालून पाणी शिरत राहतं आणि माणूस उगं घाबरतो. नाकाखालची बोटभर पट्टी साफ करा, नाहीतर मिशीला चांगलं व्हॅसलिन चोपडा. मिशीला हात लावू न देणारे पाहुणे मी व्हॅसलिनवरच निभावले आहेत.

सराव गावातच करायचा. पहिले दोन दिवस कोरड्यावर: मास्क लावून, नळी दातात धरून पंधरा मिनिटं ओसरीवर बसा. नाक बंद, श्वास फक्त तोंडाने. श्वास खोल आणि सावकाश घ्या, सोडायला त्याहून जास्त वेळ लावा. तोकडे श्वास घेतले तर नळीतली वापरलेली हवाच परत आत येते आणि दम लागतो. मग हौदात तोंड घाला. नळीत मुद्दाम पाणी जाऊ द्या आणि एका जोरदार फुंकरीने बाहेर काढा. हे जमेपर्यंत पुढं जायचं नाही.

त्यानंतर विहीर. ज्याला पोहता येतं त्याला इथं काही गोष्टी विसराव्या लागतात, ते शिकण्यापेक्षा अवघड. आपण विहिरीत डोकं वर ठेवून, गुडघ्यातून पाय आपटत, आरडाओरड करत पोहतो. पाठीला डबा बांधून शिकलेली सवय असते ती. समुद्रात तोंड पाण्यात, नजर खाली, पाय कमरेतून हळू हलवायचे आणि हात पोटाशी बांधून ठेवायचे. बुडायची भीती कमी ठेवा, कारण लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात आणि ते पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतं. वर लाइफ जॅकेट असतंच. त्याची सगळी बक्कलं लावून, खांद्याला धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ढिलं आहे. पोहता येत नसलं तरी चालतं, गाईड रिंगला धरून नेतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्याने मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

जायच्या सकाळी पोट रिकामं नको आणि गच्चही नको. वाटीभर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) चालेल, भजी नकोत. बोट लागत असेल तर उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या, बोटीच्या मध्यावर बसा आणि नजर मोबाईलवर न ठेवता क्षितिजावर ठेवा.

डॉल्फिन बघायला तारकर्ली-देवबागकडून सकाळी बोटी निघतात. इथं दिसतात ते बहुधा पाठीवर उंचवटा असलेले, राखाडी डॉल्फिन. सर्कशीसारख्या उड्यांची अपेक्षा ठेवू नका. आधी पाठ दिसते, मग छोटा पंख, आणि बोटीचं इंजिन बंद असेल तर 'फुस्स' असा श्वास ऐकू येतो. शोधायचं कसं? कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालत पाण्यात सूर मारत असतील तर तिथं मासळीचा थवा आहे, आणि थव्यामागे डॉल्फिन असू शकतात. दिसले की पोरं शिट्ट्या मारतात, मोठे तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, 'जवळ घ्या, अजून जवळ घ्या' म्हणतात. इथं माझं भांडण होतं. चार बोटींनी घेरलं की ते खाली जातात आणि लांब कुठंतरी वर येतात. तांडेलाला आधीच सांगून ठेवा: 'काका, पाठलाग नको, लांबून इंजिन बंद करून थांबूया.' बरेचदा तेच कडेकडेने जवळ येतात.

स्नॉर्कलिंग होतं ते सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्याचं बांधकाम सुरू केलं तोच हा किल्ला. इथला समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. अंदमानचे निळेशार फोटो डोक्यातून काढून टाका. इथलं पाणी हिरवट. दोन परस, म्हणजे साधारण दोन माणसांच्या उंचीएवढं, खालचं स्पष्ट दिसलं तर दिवस चांगला म्हणायचा. प्रवाळही लाल-गुलाबी नसतं, बहुतेक तपकिरी, शेवाळी, धोंड्यासारखं. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो दगडच वाटतो. जवळून बघा, त्यावर बारीक खळ्या असतात, आणि प्रत्येक खळीत एक जीव असतो. म्हणून त्यावर उभं राहायचं नाही. दमलात तर पाठीवर पडून तरंगा.

मासे बघायची रीत एकच. हिंडू नका. एक खडक निवडा, वर तरंगत राहा, हातपाय बंद. मिनिटभर काही दिसत नाही, कारण तुम्ही उडी मारल्यावर सगळे कपारीत गेलेले असतात. मग पिवळसर पाठीचे, अंगावर पाच काळे पट्टे असलेले तळहाताएवढे मासे बाहेर येतात. त्यातला एखादा जागा सोडत नसेल, सारखा एकाच ठिकाणी येऊन दगडाला तोंड लावत असेल, तर तिथं नीट बघा. दगडावर जांभळट ठिपक्यांचा डाग दिसेल, ती अंडी. राखण करणारा नर असतो. दुसरा मासा जवळ आला की तो त्याच्यावर धावून जातो, आणि तुम्ही फार खाली झुकलात तर तुमच्यावरही. तळहाताएवढ्या जिवाने आमच्या सरपंचांना मागे सरकवलेलं मी पाहिलं आहे. कान पाण्यात असतात तेव्हा कट्‌कट् असा आवाज येतो. पोपटासारखी चोच असलेला मासा दगड खरवडत असला की असा आवाज होतो.

मासे जमवायला बोटीवरून ब्रेड टाकतात. नको म्हणा. ब्रेडला तेच ते धीट मासे गर्दी करतात, लाजरे लांब पळतात, आणि पाणी घाण होतं ते वेगळंच.

हातात मोजे घालू नका, मग हात लावायचा मोहही होत नाही. कपारीतल्या सी अर्चिनचे (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) काळे लांब काटे पायात मोडले की निघत नाहीत. किनाऱ्यावरून उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला, म्हणजे वाळूत दबलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच पळून जातं. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, पिण्याचं पाणी ओतू नका, चोळू नका. श्वासाला त्रास वाटला तर थेट दवाखाना. गाईडला 'मजेत आहे' हे सांगायला अंगठा दाखवू नका. पाण्यातल्या खुणांत अंगठा वर म्हणजे 'मला वर घे', आणि तो खरंच तुम्हाला बोटीत बसवेल. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करा.

तेल-क्रीम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा घट्ट शर्ट घाला. पाण्यात पाठ भाजलेली कळत नाही, रात्री कळते. लेकरांनी शंख-प्रवाळ पिशवीत टाकलं असेल तर तिथंच काढून ठेवायला लावा. प्रवाळ, कासव, डॉल्फिन यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा घरी आणायचा नाही.

परतीचं एवढंच: नुसतं स्नॉर्कलिंग केलं असेल तर दुपारी घाट चढायला हरकत नाही. कुणी स्कूबा (पाठीला हवेची टाकी लावून खोल पाण्यात जाणं) केलं असेल तर त्या दिवशी उंचावर जाऊ नये, मालवणातच मुक्काम करावा. माळकऱ्यांना हा प्रश्न नाहीच, पण बाकीच्यांनी सुरमई त्याच रात्री खाऊन घ्यावी. दुसऱ्या दिवशी पुत्रदा एकादशी, आणि गाडीत कुणाची ना कुणाची आई असतेच.