थॉमस अक्वायनसचं एक आर्टिकल कसं वाचावं

तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्वायनस याचा ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा ईश्वरविद्येवरचा ग्रंथ सलग वाचायला घेऊ नका. तो साधारण १२६५ ते १२७३ या काळात लिहिला गेला आणि अपुराच राहिला. त्यात भाग, भागात प्रश्न आणि प्रश्नात आर्टिकलं, म्हणजे एकेका मुद्द्याची छोटी चर्चा, अशी रचना आहे. वाचायचं माप म्हणजे एक आर्टिकल, फार तर दोन पानांचं. सुरुवातीला पहिल्या भागातल्या प्रश्न २ चं आर्टिकल १ घ्या: ईश्वर आहे हे स्वयंसिद्ध आहे का?

वही आडवी धरून तीन रकाने आखा. पहिल्यात आक्षेप. ते ‘असं दिसतं की’ या अर्थाच्या शब्दांनी सुरू होतात आणि इथे तीन आहेत. प्रत्येक एका ओळीत लिहा. दुसरा आक्षेप असा: ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही ते ईश्वर, मनात असण्यापेक्षा मनात आणि प्रत्यक्षातही असणं थोर, म्हणून शब्द कळला की अस्तित्वही कळलं. हा युक्तिवाद अन्सेल्म या आधीच्या ख्रिस्ती विचारवंताच्या वळणाचा आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. हे वाक्य उचलून ‘अक्वायनस म्हणतो’ असं निबंधात लिहिलं जातं. हा त्याने खोडण्यासाठी मांडलेला पूर्वपक्ष आहे, त्याचा स्वतःचा सिद्धान्त नव्हे. आक्षेपांनंतर ‘याउलट’ म्हणून एक छोटा परिच्छेद येतो. त्यात बहुधा कुणा मान्यवराचं किंवा बायबलमधलं वचन असतं. इथे ‘ईश्वर नाही’ असं मनात म्हणणाऱ्या मूर्खाबद्दलचं स्तोत्रातलं वचन आहे. यालाही त्याचं उत्तर समजू नका.

मधला रकाना ‘मी उत्तर देतो’ या भागासाठी. तिथे निष्कर्षाआधी भेद शोधा. बहुतेक वेळा उत्तराचा कणा तोच असतो. इथला भेद: एखादी गोष्ट स्वतःपुरती स्वयंसिद्ध असू शकते आणि तरीही आपल्यासाठी नसू शकते. ईश्वराचं सार आपल्याला ठाऊक नाही, म्हणून ते विधान आपल्यापुरतं स्वयंसिद्ध नाही, ते परिणामांवरून सिद्ध करावं लागतं. हा भेद दोन ओळींत लिहिता आला नाही, तर पुढे जाऊ नका.

तिसऱ्या रकान्यात आक्षेपांची उत्तरं, क्रमांक जुळवून. दुसऱ्याचं उत्तर: शब्दाचा तो अर्थ मान्य केला तरी ती गोष्ट मनात आहे एवढंच ठरतं. पहिल्याच्या बाबतीत तो आक्षेप पुरता झिडकारत नाही. ईश्वराचं अस्पष्ट ज्ञान माणसात उपजत असतं, हे मान्य करतो. झिडकारलं किती आणि राखलं किती, हे बाजूला खुणेनं दाखवा.

शब्दांबाबत एक सावधगिरी. पुढच्या प्रश्नात, म्हणजे ३ च्या आर्टिकल ४ मध्ये, ‘एस्से’ हा शब्द येतो. ते ‘असणे’ या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. ‘अस्तित्व’ म्हटलं की ते एखाद्या गुणासारखं वाटतं आणि वाचन घसरतं. ‘असणं’ लिहा, ‘एस्सेन्शिया’साठी ‘सार’. आणि ‘तत्त्वज्ञ म्हणतो’ असं नुसतं आलं, तर तो ॲरिस्टॉटल.