पिलं तोडली की पहिले दहा दिवस

'पिलांना हगवण लागलीय' एवढं म्हणायचा अवकाश, औषधाच्या दुकानात चार डबे समोर येतात. डुकरं पाळायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मीही डबेच आणले. मग एका विणीची अकरा पिलं दूध सोडवल्यावर आठवड्यात चार गेली. डॉक्टरांनी त्यातलं एक उघडून दाखवलं, तर जठरात खाद्याचा कण नाही. मी महागडी पावडर कालवत होते ते खाद्य त्यांनी खाल्लंच नव्हतं.

म्हणून आधी पिलू खातंय का बघा, डबे नंतर. आईपासून तोडलेलं पिलू दीड-दोन दिवस जवळपास उपाशी राहतं आणि आतड्यातली अन्न शोषणारी लव आखडते. मग भूक खवळली की एकदम हादडतं. न पचलेल्यावर ई. कोलाय नावाचे जिवाणू माजतात आणि पाण्यासारखी हगवण लागते.

मी पिलं दोन आठवड्यांची झाली की थोडा भरडा चाटायला ठेवते आणि पाचव्या आठवड्यानंतरच तोडते. पहिले चार दिवस भरडा कोमट पाण्यात आंबोळीच्या पिठाइतका सैल कालवायचा. उथळ परातीत, दिवसातून पाच-सहा वेळा, थोडा थोडा. उरलेला टाकून परात धुवायची, नाहीतर तासा-दोन तासांत माशा आणि आंबूस वास. संध्याकाळी एकेक पिलू उचलून पोटाखाली हात घालते. खाल्लेल्याचं पोट तळव्यात गोल भरतं, उपाशी असेल त्याची कूस आत गेलेली लागते. ते वेगळं काढून वाटीनं पाजायचं.

आता भरड्यात काय. पहिलं लिंबूसत्व, 100 किलोला 1 किलो. या वयात जठरात आम्ल कमी तयार होतं. इतके दिवस दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होऊन काम भागत होतं, ते दूधच बंद झालं. लिंबूसत्व घालून चुनखडी भरपूर टाकली तर मात्र एकानं कमावलेलं दुसरी घालवते, म्हणून ती पहिले दोन आठवडे डॉक्टरांना विचारून कमी ठेवते. सोयापेंडही बेतानं, आणि कच्चं सोयाबीन तर मुळीच नाही.

दुसरं, पनीरचं पाणी. दुधाची साखर त्यातच असते. ताजंच हवं, पहिल्या दिवशी पिलामागे कपभर, मग वाढवायचं. लोभानं बादली ठेवली तर त्यानंच पोट सुटतं. एकदा डेअरीवाल्यानं मीठ घातलेलं पाणी दिलं होतं. मी बोट बुडवून चाखलं म्हणून वाचलो, कारण डुकराला मीठ जास्त आणि प्यायला पाणी कमी झालं तर जीवावर बेततं. तेव्हापासून कॅन चाखल्याशिवाय उतरवून घेत नाही.

प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक जिवंत जंतूंची पावडर, घेत असाल तर गरम कालवणात घालू नका. त्यातल्या बॅसिलसचे बीजाणू गरमी सोसतात, लॅक्टोबॅसिलस मरतात. सोबत प्रतिजैविक चालू असेल तर यीस्ट बरं, ती बुरशी असल्यानं तिला त्याची बाधा नाही.

झिंक ऑक्साइडनं हगवण थांबते हे खरं. पण दोन आठवडे चालणारा तो औषधी डोस बहुतेक विष्ठेतून बाहेर पडतो आणि माझं खत माझ्याच उसात जातं. युरोपात 2022 पासून तो वापर बंद झालाय. मी डॉक्टरांनी लिहून दिलं तरच वापरते. कोलिस्टिन हे प्रतिजैविक कुणी हातात ठेवलं तर घेऊ नका, 2019 पासून आपल्याकडे खाद्यजनावरांना त्यावर बंदी आहे.

हे सगळं करूनही एखाद्याचं पोट सुटतंच. लिटरभर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि कोरडी ऊबदार जागा. ओल्या फरशीवर कुडकुडणाऱ्या पिलाला कुठलीच पावडर लागू पडत नाही. पापण्या सुजल्या किंवा चालताना झोक जायला लागला, तर मात्र संध्याकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन.