शिडाच्या कयाकमध्ये पाणी झिरपते तेव्हा

फेरीनंतर कयाकच्या, म्हणजे वल्ह्याने चालणाऱ्या अरुंद होडीच्या, पोकळ पोटात पेलाभर पाणी सापडले, तर घाबरण्याचे कारण नाही; झाकणांच्या कडांतून तेवढे येऊ शकते. मात्र पाणी दर वेळी वाढत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत शीड उभारू नये, कारण पोकळीत साचलेले पाणी कयाक कलताच त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते.

सर्वांत आधी डोलकाठी, म्हणजे शिडाची काठी, जिच्यात उभी राहते ती खोबण तपासावी. वाऱ्याचा जोर काठीवाटे खोबणीच्या बुडाशी पोहोचतो आणि केसासारखी बारीक चीर बहुधा तिथेच पडते. खोबण पाण्याने काठोकाठ भरून ठेवल्यावर पातळी उतरली, तर गळती तिथेच आहे यात शंका उरत नाही. बाकीच्या भागासाठी बाहेरून साबणाचे पाणी लावून निचऱ्याच्या भोकातून अगदी हलक्या दाबाने हवा सोडावी आणि जिथे बुडबुडे फुगत राहतात, तिथे खूण करावी. कॉम्प्रेसर कटाक्षाने टाळावा, कारण जास्त दाबाने सांधे उकलतात.

बोल्टपाशी गळती असल्यास तो काढून, जुना लेप खरवडून, ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून पुन्हा आवळणे पुरते. पॉलिएथिलीन या प्लास्टिकच्या कयाकमधील चिरेवर मात्र सिलिकॉन टिकत नाही. तिच्या दोन्ही टोकांना लहान भोक पाडून ती पुढे सरकणे थांबवावे आणि त्याच प्लास्टिकच्या कांडीने वेल्डिंग करावे.

पाण्यात असताना गळती जाणवली, तर आधी शीड उतरवावे, किनारा गाठावा आणि लाटा उसळत असताना झाकण मुळीच उघडू नये.