कुशीवर, पाठीवर की पोटावर? झोपायच्या सवयीप्रमाणे उशी कशी निवडायची

उशी घेताना बहुतेक जण एकच टेस्ट करतात, हाताने दाबून बघायची, मऊ लागली की घ्यायची. आता हाताला मऊ लागणं आणि मानेला बरं वाटणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. उशीचं काम तसं एकच, आपण आडवे झालो की गादी आणि मान यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती भरून काढायची. ती पोकळी केवढी हे तुम्ही कसे झोपता, खांदे किती रुंद आहेत आणि गादी किती दबते यावर ठरतं, त्यामुळे शेजारच्याने सांगितलेली भारी उशी तुम्हाला चालेलच असं नाही. क्रम असा ठेवा, आधी उंची, मग कडकपणा, आणि आत काय भरलंय ते सगळ्यात शेवटी. जाहिराती हे बरोब्बर उलटं सांगतात, कारण फोम विकता येतो, तुमच्या मानेची उंची विकता येत नाही.

थोडं शरीराचं सांगतो म्हणजे पुढचं पटकन कळेल. मानेत 7 मणके असतात आणि ते सरळ दांडीसारखे नसून पुढच्या बाजूला किंचित बाक घेऊन रचलेले असतात. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं भरतं. दिवसा हे वजन मानेचे स्नायू सांभाळतात, रात्री त्यांना सुट्टी मिळायला हवी, पण उशी चुकीची असेल तर मान तासनतास एका बाजूला वाकलेली राहते आणि सकाळी उठल्यावर आखडते.

स्टेप 1: आपण नक्की कसे झोपतो ते शोधा

सोपं वाटतं पण इथेच गडबड होते, कारण आपल्याला आठवते ती झोप लागतानाची पोझिशन, रात्रभराची नाही. पाठीवर पडून मोबाईल बघत झोपणारा माणूस पुढचे सहा तास कुशीवर असू शकतो. म्हणून काही दिवस अलार्म वाजल्यावर लगेच हलू नका, आधी बघा आपण कोणत्या अवस्थेत आहोत. गालावर अभ्र्याच्या सुरकुत्या उमटल्यात का, कोणत्या गालावर, एकाच हाताला मुंग्या येतात का, उशी डोक्याखाली आहे की पोटाशी कवटाळलेली. शेजारी झोपणारं कोणी असेल तर त्यांना विचारा, ते तुमच्यापेक्षा खरं सांगतील. मोठी माणसं बहुतेक करून रात्रीचा निम्म्याहून जास्त वेळ कुशीवर काढतात, तेव्हा शंका असेल तर कुशीवर धरून चाला.

स्टेप 2: टॉवेल घेऊन उंची काढा

पूर्ण लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. अंग पुसायचे तीन-चार मोठे टॉवेल घ्या, उशीच्या रुंदीची घडी घाला आणि एकावर एक रचा. हे स्वतःच्या गादीवरच करायचं, जमिनीवर करून उपयोग नाही. आता नेहमीच्या कुशीवर झोपा. खांदा टॉवेलच्या कडेबाहेर थेट गादीवर हवा, टॉवेलवर नाही, आणि घडीची कड मान आणि खांद्याच्या खोबणीत नीट सरकवून घ्या, नाहीतर डोकं उचललं जातं आणि मान मात्र अधांतरी राहते.

मग कोणाला तरी पाठीमागून, गादीच्या लेव्हलला मोबाईल धरून फोटो काढायला सांगा. फोटोत डोक्याचा मागचा भाग, मान आणि पाठीचा कणा एका रेषेत दिसला पाहिजे. डोकं गादीकडे कललेलं दिसतंय म्हणजे उंची कमी, एक घडी वाढवा. डोकं वरच्या खांद्याकडे झुकलंय म्हणजे उंची जास्त झाली, एक घडी काढा. एकटे असाल तर हनुवटीकडे लक्ष द्या, नाक, हनुवटी आणि छातीच्या मधलं हाड एका ओळीत आल्यासारखं वाटलं पाहिजे. जमलं असं वाटलं की लगेच उठू नका, दहा-पंधरा मिनिटं तसेच पडून राहा, कारण पहिल्या मिनिटाला सगळंच छान वाटतं, खांद्यात किंवा कानामागे ताण जाणवायला जरा वेळ लागतो.

आता त्याच अवस्थेत कोणाकडून तरी गादीपासून गालाच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर पट्टीने मोजून घ्या. हा तुमचा आकडा. लिहून ठेवा. कुशीवर झोपणाऱ्यांचा साधारण 10 ते 15 सेंटिमीटर येतो, पाठीवर झोपणाऱ्यांचा 7 ते 12 च्या आसपास, आणि पोटावर झोपणाऱ्यांचा त्याहून कमी. हा आकडा डोकं ठेवल्यावरचा आहे हे मात्र विसरू नका. पॅकवर छापलेली उंची रिकाम्या उशीची असते. फायबरची फुगलेली उशी दिसायला 18 सेंटिमीटर असेल पण डोकं टेकवलं की निम्मी होऊ शकते, लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या फोमची, तेवढी दबत नाही. दोन उशांवर एकच उंची छापलेली असून एक बसते आणि दुसरी बसत नाही ती यामुळेच.

गादीचा हिशोबही यातच येतो. गादी मऊ असेल तर खांदा आत रुततो, पोकळी कमी होते, उशी कमी उंचीची लागते. कडक गादीवर उलटं. म्हणून गादी बदलली की जुनी उशी अचानक खुपायला लागते आणि लोक नव्या गादीला शिव्या घालतात.

स्टेप 3: पोझिशनप्रमाणे कडकपणा ठरवा

कुशीवर झोपणारे: तुम्हाला उंच आणि जरा कडक उशी हवी, कारण खांद्याची पूर्ण रुंदी भरून काढायची आहे आणि ती रात्रभर तेवढीच राहिली पाहिजे. खांदे जितके रुंद तितकी उंची जास्त. मऊ उशी झोपताना मस्त वाटते पण मध्यरात्री बसते, आणि मग माणूस झोपेतच हात उशीखाली घालतो. तुमचा हात रोज उशीखाली जात असेल तर ते सवय म्हणून सोडून देऊ नका, उशी कमी पडतेय आणि शरीर स्वतःच उंची वाढवतंय, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. शिवाय तो हात दबून बधिर होतो तो वेगळाच. दुसरी एक पातळ उशी गुडघ्यांमध्ये ठेवा. वरचा पाय पुढे पडला की कंबर पिळली जाते, गुडघ्यात आधार असला की ते थांबतं. ज्यांची कंबर दुखते त्यांनी तर हे आजच करून बघावं, यासाठी काही विकत आणायचीही गरज नाही.

पाठीवर झोपणारे: मध्यम उंची, मध्यम कडक. इथे मानेखालच्या बाकाला आधार हवा आणि डोकं त्यापेक्षा किंचित खाली गेलेलं चालतं. हनुवटी छातीकडे वळली असेल तर उशी उंच आहे, हनुवटी छताकडे गेली असेल तर फारच पातळ आहे. दोन उशा एकावर एक ठेवून पाठीवर झोपायची सवय अनेकांना असते, त्यात मान रात्रभर पुढे वाकलेली राहते, मग सकाळी मान मागे नेताना कळ येते. तेवढी उंची आवडत असेल तर टीव्ही बघेपर्यंत ठेवा आणि झोपताना एक बाजूला काढा. गुडघ्यांखाली छोटी उशी घेतली की कंबरेलाही आराम मिळतो. घोरणाऱ्यांचं घोरणं पाठीवर झोपल्यावर बहुतेक वेळा वाढतं, त्यांनी कुशीवर झोपायची सवय लावता आली तर बघावं. पण घोरताना मध्येच श्वास थांबतो असं कोणी सांगत असेल तर तो उशीचा प्रश्न नाही, डॉक्टरांकडे जा.

पोटावर झोपणारे: स्पष्टच सांगतो, मानेसाठी ही सगळ्यात त्रासाची पोझिशन आहे, कारण श्वास घ्यायला चेहरा एका बाजूला वळवावाच लागतो आणि मान तासनतास पिळलेल्या अवस्थेत राहते. कोणतीही उशी हे पूर्ण दुरुस्त करू शकत नाही, फक्त त्रास कमी करू शकते. एकदम पातळ, मऊ उशी घ्या किंवा डोक्याखाली काहीच घेऊ नका, आणि एक पातळ उशी ओटीपोटाखाली ठेवा म्हणजे कंबरेचा बाक फार वाढत नाही. सवय मोडायची असेल तर लांब उशी छातीशी धरून अर्धवट कुशीवर झोपून बघा, पोटाला काहीतरी टेकल्याचं समाधान मिळतं आणि मानही कमी वळते.

रात्रभर लोळणारे, म्हणजे आपल्यातले बरेच जण: मध्यम उंचीची, पटकन आकार बदलणारी उशी घ्या. सगळ्यात सोयीची म्हणजे चेन असलेली, जिच्यातलं भरण काढता-घालता येतं. थोडं काढून चार-पाच रात्री झोपा, मग ठरवा. काढलेलं भरण पिशवीत जपून ठेवा, पुढे उशी बसली की तेच परत घालता येतं.

स्टेप 4: आता आत काय आहे ते बघा

पॉलिस्टर फायबर स्वस्त, हलकं, धुता येतं, पण लवकर चपटं होतं आणि गोळे होतात. कापसाची उशी कडक होत जाते, ती उन्हात टाकून आणि पिंजून पुन्हा जिवंत करता येते, ही सोय फोमला नाही. सावरीचा कापूस जास्त मऊ आणि हलका असतो. पिसांची उशी हवा तसा आकार घेते पण आधार कमी देते, रोज थोपटून फुगवावी लागते.

मेमरी फोमबद्दल जरा जास्त सांगायला हवं कारण विक्री त्याचीच जोरात आहे. हा फोम 1966 मध्ये नासाच्या कामासाठी चार्ल्स योस्ट या इंजिनियरने तयार केला, विमानाच्या सीटमध्ये धक्का शोषून घ्यायला. तो उष्णतेने मऊ होतो, म्हणजे डोक्याची ऊब लागली की हळूहळू आकार धरतो. त्याचेच तोटेही आहेत. थंडीत तो कडक लागतो, आणि ऊब धरून ठेवत असल्याने ज्यांना रात्री डोक्याला घाम येतो त्यांना तो नकोसा होतो. नवीन फोमला वास येतो, पॅक फोडून एक-दोन दिवस हवेशीर जागी ठेवा. सतत कूस बदलणाऱ्यांना तो आळशी वाटतो, कारण आकार परत यायला वेळ घेतो. त्यांच्यासाठी लॅटेक्स बरं, ते लगेच उसळून वर येतं आणि हवाही जास्त खेळते, पण रबराच्या ग्लोव्हजची ॲलर्जी असणाऱ्यांनी लॅटेक्स टाळा. कुट्टूच्या (बकव्हीटच्या) टरफलांची उशीही मिळते, उंची अगदी हवी तशी करता येते, गरमही होत नाही, फक्त हललं की खसखस आवाज येतो, झोप सावध असेल तर विचार करून घ्या.

दोन उंचवटे असलेली ती लाटेसारखी उशी घेतली असेल तर गोल उंचवटा मानेखाली यायला हवा आणि डोकं मधल्या खोलगट भागात. दोन्ही उंचवट्यांची उंची वेगवेगळी असते, आपल्या आकड्याच्या जवळचा असेल तो मानेकडे घ्या. खूप लोक डोकंच उंचवट्यावर ठेवतात आणि उशी टोचते म्हणतात.

स्टेप 5: घेताना आणि घेतल्यावर

दुकानात लाजू नका, आडवे पडून बघा, निदान पाच मिनिटं, तुमच्या नेहमीच्या पोझिशनमध्ये. ऑनलाइन घेत असाल तर परत करायच्या अटी आधी वाचा, काही ठिकाणी पॅक फोडल्यावर उशी परत घेत नाहीत. नव्या उशीला एक-दोन आठवडे द्या, मानेला जुन्या वाकड्या आधाराची सवय झालेली असते. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर हट्ट करू नका, परत करा.

काही वेगळ्या केसेस. ॲसिडिटीमुळे रात्री घशाशी येत असेल तर उशांची चळत लावून फायदा होत नाही, त्याने फक्त मान आणि पोट दुमडतं. त्यासाठी पाठीपासून चढ असलेली तिरकी उशी लागते, साधारण 15 ते 20 सेंटिमीटर उंचीची, आणि डाव्या कुशीवर झोपलं तर अजून बरं. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपायला सांगतात, तेव्हा एक उशी गुडघ्यांत आणि एक पोटाखाली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला उशी द्यायचीच नाही, त्याच्या झोपायच्या जागेत मऊ उशी ठेवू सुद्धा नका, श्वास कोंडायचा धोका असतो. आणि मानेतून हातात कळ जात असेल, हाताची ताकद कमी वाटत असेल किंवा मुंग्या दिवसाही जात नसतील तर उशा बदलत बसू नका, तपासून घ्या.

जुनी उशी कधी काढायची? फायबर किंवा पिसांची असेल तर मधून दुमडा आणि सोडा, उलगडून परत सरळ झाली नाही तर तिचं काम संपलं. फायबरची एक-दोन वर्षांत जाते, फोम आणि लॅटेक्स त्याहून जास्त टिकतात, त्यांच्यात मध्ये कायमचा खळगा पडलाय का किंवा भुगा सुटतोय का ते बघा. फोम आणि लॅटेक्स मशीनमध्ये घालू नका आणि कडक उन्हातही टाकू नका, दोन्ही खराब होतात, फक्त खोळ काढून धुवा. धुळीची ॲलर्जी असेल तर अभ्र्याच्या आत उशीला चेनचं बंद कव्हर घाला आणि अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा, धुळीतले बारीक किडे त्या तापमानाला मरतात.